देठ हिरवा असेपर्यंत

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात निर्यातीच्या द्राक्षबागेला दोन नावे असतात. एक घरचे: विहिरीजवळचा प्लॉट, पाटाखालचा, थोरल्याच्या वाटणीचा. दुसरे आकड्यांचे. ऑक्टोबरपासून तालुका कृषी कार्यालयात नोंदणी सुरू होते, कागद दाखल होतात, कर्मचारी बाग पाहून जातात आणि बागेला क्रमांक मिळतो. तो ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीत चढतो आणि तिथून पुढे मालाची पाठ सोडत नाही. कॅरेटवरची चिठ्ठी, पॅकहाऊसची नोंदवही, प्रयोगशाळेचा अहवाल, रोगमुक्ततेचा दाखला, शेवटी पेटीवरचे लेबल, सगळीकडे तोच क्रमांक.

काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येतो. तो एकाच वेलीवरून घड तोडत नाही. बागेत आडवातिडवा फिरून या ओळीतून एक, त्या ओळीतून एक असा नमुना जमवतो, पिशवीला सील लावतो, वर क्रमांक लिहितो. अहवाल येईपर्यंत कात्री लावायची नाही. फवारणीही करायची नाही. आता काही मारले तर नमुन्यातली बाग आणि वेलीवरची बाग वेगळी होईल. हंगामातले सर्वांत अस्वस्थ दिवस हेच. गोडी, म्हणजे फळाच्या, छाटणीपासून साडेतीन-चार महिने रोज हाताला काम असते: फेल काढायची, घड जिब्रेलिक अ‍ॅसिडात बुडवायचे, मणी विरळायचे, डाऊनी आणि भुरी या रोगांवर डोळा ठेवायचा. आता एकदम स्वस्थ बसून आभाळाकडे बघायचे. तयार मालावर पाऊस आला की मण्यांना तडे जातात, आणि तडकलेला मणी अहवाल कितीही चांगला आला तरी उपयोगाचा नाही.

हा सगळा बंदोबस्त उगाच आलेला नाही. २००३च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अवशेष सापडले आणि निर्यातदारांची धावपळ झाली. त्यातून अवशेष तपासणीची पद्धत बसवली गेली. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्यातली तांत्रिक जबाबदारी आली, आणि २००६च्या सुमारास ग्रेपनेट उभे राहिले. देशात एखाद्या ताज्या फळाचा माग पेटीपासून थेट बागेपर्यंत काढता येण्याची ही पहिली मोठी सोय. इतर पिकांसाठी पुढे जे झाले, ते बरेचसे याच धर्तीवर.

तरीही २०१० उजाडलेच. वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या बोलण्यातले ‘सीसीसी’, एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर वर्षानुवर्षे वापरले जात होते. युरोपातल्या प्रयोगशाळांना त्या वर्षी द्राक्षांत ते सापडले. तिथली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांना, जिभेला, कशालाच न कळणारी. इकडे त्या रसायनाची तपासणीच होत नव्हती. इकडचे अहवाल स्वच्छ, माल बंदरात अडकलेला, अशी ती गत होती. बागायतदाराने नियम मोडला होता असेही म्हणता येत नाही, कारण त्याला दिलेल्या यादीत तो नियम नव्हता. पण कंटेनर परत फिरले, कवडीमोलाने विकले गेले, काही नष्ट झाले, आणि ज्यांच्या बागेचा माल त्यात होता त्यांच्या हाती पैशांऐवजी थकलेले कर्ज आले. यादी कुणी बनवली, हा प्रश्न नंतर चर्चेत राहिला. नुकसान मात्र आधीच वाटले गेले होते, आणि त्यातला मोठा वाटा साखळीच्या सर्वांत तळाशी उभ्या असलेल्या माणसाकडे आला.

या धंद्याचा एक स्वभाव तेव्हा उघडा पडला, आणि तो आजही बदललेला नाही. बागेचा क्रमांक युरोपातल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत जातो. तिथे पेटीत कुजका मणी सापडला, तर त्या क्रमांकाचा हात धरून तक्रार काही तासांत दिंडोरीतल्या विहिरीजवळच्या प्लॉटपर्यंत येते. पण त्याच पेटीतली द्राक्षे तिथल्या दुकानात किती युरोला गेली, हा आकडा त्या क्रमांकाबरोबर परत येत नाही. माग काढायची सोय आहे, ती एकाच दिशेची.

अहवाल आला, निर्यातदाराची गाडी ठरली, की काढणी पहाटेच सुरू होते. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त माल सावलीत जायला हवा. टोळ्या बहुतेक पेठ, सुरगाणा भागातल्या आदिवासी पाड्यांवरच्या; नवराबायको, नणंद-भावजय, कधी शाळा बुडवलेली पोरे. हंगामात हे लोक बागेतच पाल ठोकून राहतात, नाहीतर रोज जीपमधून येतात. घड देठालाच धरायचा, मण्याला बोट लागता कामा नये. मण्यावर पांढुरकी पावडर धरल्यासारखा जो नैसर्गिक थर असतो, तो बोटाने पुसला की परत येत नाही, आणि युरोपातला ग्राहक त्यावरूनच फळ ताजे की हाताळलेले ते ठरवतो. मुकादम ओळींतून फिरताना एवढेच सारखे बजावत असतो: मावशी, देठाला धरा. कात्रीचे टोक बोथट. कॅरेटच्या तळाशी मऊ बबलशीट, वर एकच थर. घड घडावर ठेवायचा नाही.

निवड मात्र नुसत्या डोळ्यांची नाही. मुकादमाच्या खिशात प्लास्टिकची रिंग असते, मणी तिच्यातून पार गेला तर लहान. सोळा मिलिमीटर, अठरा मिलिमीटर, ज्या बाजारपेठेची जशी मागणी. दुसऱ्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर. एक मणी पिळून थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचे आणि साखरेचा आकडा वाचायचा. साखर कमी असेल तर बाग आणखी काही दिवस थांबणार, कारण द्राक्ष आंब्यासारखे आढीत पिकत नाही. वेलीवरून सुटल्या क्षणी त्याची गोडी जिथे आहे तिथेच थांबते. पुढे जे काही होते, ते फक्त उतरणीला लागणे.

आणि ती उतरण सर्वांत आधी देठावर दिसते. मणी टवटवीत असताना देठ वाळून तपकिरी होतो. खरेदीदाराचा तपासनीस पेटी उघडून पहिल्यांदा मणी बघत नाही, देठ बघतो. काढणी आणि गारवा यांच्यामधला प्रत्येक तास देठावर लिहिला जातो. म्हणून बागेतून निघालेली गाडी चार-सहा तासांच्या आत पॅकहाऊसला लागावी, अशी धडपड असते. रस्त्यात टायर पंक्चर झाला, वीज गेली, पॅकहाऊसबाहेर गाड्यांची रांग लागली, की हा हिशेब बिघडतो. मार्चमध्ये सगळ्यांचा माल एकदम येतो तेव्हा रांग लागतेच. रांगेतल्या उन्हाचे पैसे कुणी भरायचे, यावर कुठल्याही करारात ओळ नसते.

पॅकहाऊसमध्ये शिरले की अंगावर काटा येतो. बाहेर तीस-पस्तीस अंश, आत स्वेटर. डोक्यावर टोपी, हातात मोजे घातलेल्या बायका लांब टेबलांशी उभ्या असतात. एकेक घड उचलून, उजेडासमोर फिरवून, बारीक, डागी, तडकलेला मणी आतून अचूक काढतात. हे काम यंत्राला अजून नीट जमलेले नाही. घडाचा आकारही पनेटमध्ये बसेल असा करायचा: खांदे छाटायचे, शेपूट छाटायचे. अर्ध्या किलोचा प्लास्टिकचा पनेट, असे दहा मिळून पाच किलोची पेटी. प्रत्येक पनेटमध्ये काही ग्रॅम जास्त भरतात, कारण प्रवासात पाणी उडून वजन घटते आणि तिकडच्या दुकानात पनेट अर्ध्या किलोपेक्षा कमी भरला तर सगळी पेटी वादात सापडते. हे जादा ग्रॅम कुणाच्या खात्यातून जातात, ते सांगायला नकोच.

छाटून पडलेले तुकडे, लहान घड, सुटे मणी बाजूच्या कॅरेटमध्ये जमा होतात. तेही वाया जात नाहीत. घड लोकल मार्केटला, मणी रसाला किंवा बेदाण्याला. पण बागेत बसून निर्यातीच्या भावाने ज्या मालाचे स्वप्न पाहिले, त्यातला बराच हिस्सा या टेबलावरच दर्जा उतरून खाली येतो. निर्यातीची बाग याचा अर्थ निर्यातीचा सगळा माल, असा नाही.

पुढची पायरी प्रीकूलिंगची. पेट्यांच्या रांगांमधून थंड हवा जोराने ओढून मण्याच्या गाभ्याचे तापमान सहा-आठ तासांत शून्य ते दोन अंशांच्या घरात आणायचे. सुई मण्यात टोचून मोजतात, हवेचे तापमान बघून भागत नाही. त्यानंतर पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद ठेवतात. बागायतदारांच्या तोंडी तो ‘ग्रेपगार्ड’. ओलाव्याने त्यातून हळूहळू वायू सुटतो आणि बुरशीला आवरतो. सगळी गोम या हळूहळूमध्ये आहे. तापमान वरखाली झाले, पेटीतल्या पिशवीत आतून पाणी सुटले, की कागद एकदम जोर धरतो, वायू जास्त सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरा पडतो. फळ वाचवणारी वस्तूच फळ खराब करते. तेव्हा पॅकहाऊसमधला थंड खोल्यांचा ऑपरेटर रात्रभर नुसता यंत्राशेजारी बसलेला दिसत असला, तरी पंचवीस-तीस बागायतदारांचे वर्ष त्याच्या हातात असते.

चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत थंडी राखणाऱ्या, कंटेनरमध्ये साधारण तेरा टन माल मावतो. तो भरताना दरवाजाजवळ एक छोटे यंत्र ठेवतात, वाटेतल्या प्रत्येक तासाचे तापमान नोंदवणारे. नाशिकहून न्हावा शेवा, तिथून जहाज, सुएझमार्गे युरोप. नेहमीच्या दिवसांत तीन-साडेतीन आठवडे.

२०२३च्या हंगामाने नेहमीचे दिवस म्हणजे काय हेच विसरायला लावले. २६ नोव्हेंबरला निफाड परिसरात गारपीट झाली, मण्यांच्या वाढीच्या काळातल्या बागा झोडपल्या गेल्या. त्यातून सावरतात तोवर तांबड्या समुद्रात, येमेनच्या किनाऱ्याजवळ, मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाज कंपन्यांनी सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला, केप ऑफ गुड होपमार्गे. प्रवास पाच आठवड्यांच्या घरात गेला, भाडे दुपटीहून वर गेले, रिकामे कंटेनर वेळेवर परत येईनात. शून्य अंशावर, सल्फरच्या सोबतीने, द्राक्ष पाच आठवडे तगते हे खरे. पण त्याचे दुकानातले आयुष्य वाटेतच खर्च होते. तिकडे उतरलेल्या पेटीत मणी गळलेले, देठ वाळलेले. येमेनच्या किनाऱ्यावरची घडामोड आणि पालखेड धरणाच्या पाण्यावरची बाग यांचा संबंध तोवर गावात कुणाला जोडावा लागला नव्हता.

गंमत अशी की, त्याच २०२३-२४ वर्षाचे अधिकृत आकडे चांगले दिसतात. देशातून ३,४३,९८२ टन द्राक्षे गेली, किंमत ३,४६० कोटी रुपये. वजनही आधीच्या वर्षाहून जास्त, पैसाही. या आकड्यांचा साधा भागाकार केला तर किलोला सुमारे शंभर रुपये पडतात. हा भाव बंदरावरचा, युरोपपासून बांगलादेशापर्यंत सगळ्या देशांची सरासरी धरून. त्यातून पनेट, पेटी, ग्रेपगार्ड, पॅकहाऊस, थंडी, बंदरापर्यंतचा ट्रेलर, दाखले, निर्यातदाराचा नफा हे सगळे वजा करायचे, मग जे उरेल ते बागेचे. निर्यातीच्या यशाच्या बातम्यांत हा भागाकार कुणी करत नाही, आणि केला असता तर मथळे थोडे लहान झाले असते.

पैसे हातात यायची तऱ्हाही समजून घ्यायला हवी. लोकल व्यापारी जागेवर सौदा करतात, भाव ठरवतात, काही जण रोख देतात, काही जण उधारीवर माल नेऊन पसार होतात. नाशिक जिल्ह्यात अशा फसवणुकीच्या तक्रारी इतक्या झाल्या की, २०२०मध्ये नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलिस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी बुडालेले पैसे वसूल करण्याची मोहीमच उघडली. निर्यातीत पसार होण्याची भीती कमी, पण वाट पाहणे जास्त. काही निर्यातदार पक्का भाव देतात. काही जण किमान हमी भाव आधी आणि उरलेला हिशेब विक्रीनंतर, असे करतात. तिसऱ्या पद्धतीत माल तिकडे विकला जाईल त्या भावाने, सर्व खर्च वजा जाता. या तिसऱ्या पद्धतीत फोटोंसह एक अहवाल येतो: इतके टक्के गळ, इतके टक्के कूज, फेरपॅकिंगचा खर्च इतका. फोटो खरे असतात. पण फोटोतली कूज बागेतली, रांगेतली, की केपच्या वळशातली, हे फोटोवरून कळत नाही. तापमान नोंदणाऱ्या यंत्राचा कागद मागितला तर कळू शकते. तो कागद मागायचा असतो, हेच पुष्कळांना ठाऊक नाही.

एकट्याने हे सगळे पेलत नाही, हे महाराष्ट्रातल्या बागायतदारांना फार आधी उमजले होते. द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. १९९१मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन महाग्रेप्स उभारले. पहिल्या वर्षांत परदेशात बराच माल नाकारला गेला. प्रीकूलिंग, पेटी, सल्फरचा कागद हे सगळे तेव्हा ठेचा खात शिकावे लागले. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही त्यानंतरची पिढी. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही शेतकरी उत्पादक कंपनी आज देशातल्या सर्वांत मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत आहे, आणि २०२२मध्ये तिने युरोपातल्या गुंतवणूक संस्थांकडून ३१० कोटी रुपये उभे केले. तिथे फरक पडतो तो मुख्यतः एका गोष्टीने: पॅकहाऊस, थंड खोल्या आणि खरेदीदाराशी होणारी बोलणी, तिन्ही बागायतदारांच्या कंपनीकडे आहेत. टेबलावर दर्जा उतरलेला मणी पुन्हा त्याच कंपनीच्या प्रक्रिया विभागात जातो. तक्रार आली तर ती कुठल्या टप्प्यावरची, हे शोधायला आपली माणसे असतात.

केनियातल्या फरसबीच्या शेतकऱ्यांची गोष्ट इथे ताडून पाहण्यासारखी आहे. १९९७मध्ये युरोपातल्या सुपरमार्केटांनी युरेपगॅप हे मानक आणले, २००७पासून तेच ग्लोबलगॅप. फवारणीची वही, औषधांचे वेगळे कोठार, हात धुण्याची सोय, लेखापरीक्षण. मागणी रास्तच होती, पण अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला त्याचा खर्च झेपेना. केनियातले अनेक छोटे उत्पादक या साखळीतून बाहेर पडले. टिकले ते बहुतेक गटाने प्रमाणपत्र घेणारे किंवा निर्यातदाराने हात दिलेले. नाशिकमध्ये गट आणि कंपन्या आधीच होत्या, म्हणून इथे तसे सरसकट झाले नाही. पण ज्या गावात गट नाही, तिथला दीड एकराचा बागायतदार निर्यातीचा विचारसुद्धा करत नाही. तो बाग लोकलला देतो आणि विषय संपवतो.

वाणाचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडे अजून थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका यांवरच मुख्य भिस्त. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका इथून मोठ्या मण्याचे, कुरकुरीत, रंगीत नवे वाण युरोपात येतात, आणि ते वाण पेटंटचे, रॉयल्टी भरून लावायचे. काही निर्यातदारांनी आणि शेतकरी कंपन्यांनी तसे वाण आणले आहेत. अशा वाणांच्या कराराने बागायतदाराला चांगला भाव मिळू शकतो. मात्र माल कुणाला द्यायचा हेही त्याच करारात ठरून जाते.

मार्च सरता सरता युरोपची मागणी ओसरू लागते, कारण चिलीचा माल जोरात असतो. बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यापासून तो रस्ताही पूर्वीसारखा मोकळा नाही. उरलेले घड सांगली-तासगावच्या वळणाने बेदाण्याच्या शेडवर जातात. त्याच सुमारास सोसायटीची मार्चअखेरची वसुली उभी राहते, कृषी सेवा केंद्राची उधारी असते आणि एप्रिलमध्ये खरड छाटणीची टोळी दारात येते. या टोळीची मजुरी रोख द्यावी लागते. पण फेब्रुवारीत गेलेल्या कंटेनरचा शेवटचा हिशेब अजून आलेला नसतो. म्हणून पुष्कळ घरांत एक प्लॉट निर्यातीला आणि एक मुद्दाम लोकलला ठेवतात, भाव कमी मिळणार हे माहीत असून. त्या रोख पैशांत छाटणी उरकते, शेणखत पडते. निर्यातीचा हिशेब मेमध्ये कधीतरी येतो. ऑक्टोबरला पुन्हा नोंदणीला जायचे की नाही, किती प्लॉट द्यायचे, हे घरातली माणसे तेव्हाच्या आकड्याकडे बघून ठरवतात.